एडिर्नेचं दारुश्शिफा : एका निवृत्त सिस्टरचा अभिप्राय

इस्तंबूलला निघालेल्या प्रत्येक डॉक्टरला, सिस्टरला, ब्रदरला, फार्मासिस्टला माझं सांगणं आहे की बाजारातली एक फेरी कमी करा, पण तुर्कस्तानातल्याच एडिर्ने गावाला जाऊन या. तिथं तुंजा नदीच्या काठावर उस्मानी सुलतान दुसरा बायेझिद यानं बांधलेलं रुग्णालय उभं आहे. १४८४ साली पाया घातला, १४८८ साली काम पुरं झालं. मशीद, अन्नछत्र, वैद्यकाचं विद्यालय आणि दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय, असा सगळा तो परिसर आहे. आता तिथं त्राक्या विद्यापीठानं उभारलेलं आरोग्य संग्रहालय आहे आणि २००४ साली त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळालाय. माझ्याकडून पाचपैकी पाच. का, ते सविस्तर लिहिते, कारण तिथून आलेले लोक सहसा संगीताबद्दल बोलतात आणि मला त्या गावात त्याहून मोठी गोष्ट दिसली.

मी मिरजेची. सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून लागले आणि मेडिकल वॉर्ड, लेबर रूम, आयसीयू करत परिसेविका होऊन निवृत्त झाले. मुलगी आणि जावई इस्तंबूलला नोकरीला आहेत. एडिर्नेचा विषय माझ्या डोक्यात आधीपासून होता. आधी एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्याच्या आखणीत या जागेला पाऊण तास होता आणि साबणाच्या दुकानाला त्याहून जास्त. आम्ही नको म्हटलं आणि साधी बस धरली. इस्तंबूलच्या एसेनलर स्थानकावरून गाडी सुटते, अडीच-तीन तास लागतात. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना सूर्यफुलाची शेतं आहेत. एडिर्नेच्या बस स्थानकावरून टॅक्सी केली आणि नदीवरच्या जुन्या दगडी पुलापाशी आम्ही उतरलो. गुडघे साथ देत असतील तर पुलावरून चालत जा. घुमटांची ती सगळी ओळ लांबून एकत्र दिसते, ती गाडीतून दिसत नाही.

आत गेल्यावर रुग्णालयाचे तीन भाग एकामागून एक लागतात. पहिलं मोठं अंगण, त्याच्या कडेनं तपासणीच्या खोल्या, स्वयंपाकघर, धुण्याची जागा. मग एक लहान अंगण, तिथं औषधशाळा आणि वरिष्ठ मंडळींच्या खोल्या. आणि सगळ्यात आत रोग्यांचा भाग. मी वॉर्डात उभं राहून आयुष्य काढलंय, त्यामुळे माझी नजर आधी वर्दळीवर जाते. बाहेरचा माणूस कुठवर येतो, जेवणाची भांडी कुठून जातात, मळके कपडे कुठं धुतात, आणि या सगळ्याचा आवाज पलंगापर्यंत पोचतो का, हे मी बघत होते. इथं तो पोचत नाही. गलबला पहिल्याच अंगणात राहतो. नवीन बांधलेल्या कितीतरी रुग्णालयांत कॅज्युअल्टीच्या दाराशीच आयसीयूचं दार असतं, तिथं काम केलेल्या माणसाला या मांडणीची किंमत कळेल.

आतला भाग षट्कोनी आहे. मधोमध मोठा घुमट, त्याच्या टोकाला उजेड यायला झरोका, खाली कारंजं. भोवती बंद खोल्या आणि त्यांच्या मधे उघडे सोपे, म्हणजे ओसऱ्या. खोल्या थंडीसाठी, सोपे उन्हाळ्यासाठी. त्यातला एक सोपा वादकांचा. मी कारंजापाशी उभी राहून एक गिरकी घेतली. एका जागेवरून सगळ्या खोल्यांची तोंडं दिसतात. कोण उठून बसलंय, कुणाला धाप लागलीय, हे चार पावलं न चालता कळावं, अशी ती रचना आहे. आम्ही आयसीयूचं नर्सिंग स्टेशन मध्यभागी हवं म्हणून किती अर्ज केले होते! इथं ते पाचशे वर्षांपूर्वी दगडात बांधून ठेवलेलं आहे.

संगीताबद्दल आता थोडं. सतराव्या शतकाच्या मध्यावर एव्लिया चेलेबी नावाचा प्रवासी इथं आला होता. दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीन वेळा ते रोग्यांपुढं, विशेषतः मनोरुग्णांपुढं गात-वाजवत, असं त्यानं लिहिलंय. आजही आत ध्वनिमुद्रित संगीत मंद आवाजात चालू असतं आणि घुमटाखाली ते सगळीकडे सारखं ऐकू येतं. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरे लागताना ऐकत मोठी झालेली मी, मला ते आवडलंच. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं, तिथं दुखणाईत माणसंही येऊन बसतात, त्यामुळे गाण्यानं जीव शांत होतो हे मला पटवून द्यायला नको. पण त्याच चेलेबीनं काही रोगी साखळीनं बांधलेले असत, हेही लिहिलंय. गाणं आठवायचं आणि साखळी विसरायची, असं करू नये. आणि गाणाऱ्यांच्या आधी वेगळीच माणसं पगारावर होती. मुख्य वैद्य, त्याच्या हाताखालचे वैद्य, डोळ्यांचे वैद्य, शस्त्रवैद्य, औषध बनवणारा. दानपत्रात म्हणजे वक्फनाम्यात यांच्या जागा ठरलेल्या होत्या. आठवड्यातून दोन दिवस गावातल्या रोग्यांना औषध फुकट मिळायचं, तेही ठरलेलं. चांगुलपणा कुणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता, त्याला पगार, जागा आणि वार ठरवून दिलेला होता. मला ही इमारत आवडली ती यासाठी.

वक्फनाम्याचं याहून मोठं उदाहरण कैरोचं. १२८४ साली सुलतान कलावूननं तिथं मन्सूरी रुग्णालय उघडलं. राजा असो की नोकर, सरदार असो की शिपाई, स्वतंत्र असो की गुलाम, पुरुष असो की बाई, सगळ्यांसाठी ते आहे, असं दानपत्रातच लिहिलं. उन्हाळ्यात रोग्यांना वारा घालायला झावळीचे पंखे घ्यावेत, प्रत्येकाचं जेवण त्याच्या स्वतंत्र भांड्यात, झाकून द्यावं, कुणी दगावला तर त्याचं कफन-दफन रुग्णालयाच्या खर्चानं व्हावं, इतका बारीक तपशील त्यात आहे. फुप्फुसातून रक्त कसं फिरतं हे युरोपच्या कित्येक शतकं आधी लिहिणाऱ्या इब्न अल-नफीसनं १२८८ साली मरताना आपलं घर आणि पुस्तकं याच रुग्णालयाला दिली. जेवण झाकून न्या, हे मी मावश्यांना किती वेळा सांगितलं असेल. सुलतानाच्या दानपत्रात ते वाचल्यावर बरं वाटलं.

शेजारच्या वैद्यकीय मदरशात विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत आणि त्यांत वैद्य, विद्यार्थी, उपचार असे प्रसंग मेणाच्या पुतळ्यांतून मांडलेत. पुतळे काहींना नाटकी वाटतील. माझ्याबरोबरचा नातू मात्र प्रत्येक पुतळ्यापुढं थांबून प्रश्न विचारत होता, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर हा भाग आधी करा. आमास्याच्या शरफुद्दीन साबुंजुओलूनं १४६५ साली तुर्की भाषेत शस्त्रक्रियेचं सचित्र पुस्तक लिहिलं, त्या परंपरेची ओळख इथं होते. वर्ग आणि वॉर्ड यांच्यात एका अंगणाचं अंतर आहे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. दहाव्या शतकात अली इब्न अब्बास अल-मजूसीनं आपल्या ग्रंथात विद्यार्थ्याला बजावलं होतं की रुग्णालयात सतत जात राहा, रोग्यांची अवस्था बघ, त्यांना विचार, आणि वाचलेलं त्याच्याशी ताडून पाहा. एडिर्नेचा मदरसा पाहिला की तो उपदेश नकाशावर उतरलेला दिसतो.

आता मुख्य गोष्ट. या गावात नवव्या शतकातल्या एका ग्रंथाचं हस्तलिखित आहे. इस्हाक इब्न अली अल-रुहावी हा अल-रुहा गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाचा. त्याच्या ‘अदब अल-तबीब’चा विषय एकच, वैद्यानं कसं वागावं. त्याची जी प्रत माहीत आहे ती एडिर्नेच्या सेलिमिये संग्रहात मिळाली. इंग्रजी भाषांतर १९६७ साली फिलाडेल्फियात छापलं गेलं. मुलीनं ते मला छापून दिलं होतं आणि मी ते पिशवीत घेऊनच आले होते. रुग्णालय रुहावीच्या सहाशे वर्षांनंतरचं, त्यामुळे त्यानं हे बांधायला सांगितलं असं काही नाही. पण पहिल्या अंगणातल्या बाकावर बसून ती पानं वाचली आणि समोरच्या दगडांना माणसं मिळाली.

वीस प्रकरणं आहेत. वैद्याची श्रद्धा, त्याचं स्वतःचं खाणंपिणं आणि शरीर यांपासून सुरुवात होते. हिप्पोक्रेटीस आणि गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले पानोपानी. पुढं औषधं कशी जपावीत, भेटायला येणाऱ्यांनी रोग्यापाशी कसं वागावं, रोग्यानं भेटायला आलेल्यांशी कसं वागावं. वॉर्डात संध्याकाळी चार वाजता जी जत्रा भरते ती सांभाळलेल्या बाईला हे वाचून किती आपलं वाटेल, ते सांगायला नको. आणि मग एक प्रकरण आहे : वैद्यानं रोग्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला काय काय विचारावं. शुश्रूषा करणाऱ्याला! राउंडला येणारे मोठे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून इंटर्नला विचारतात, आणि रात्रभर जिनं लघवी मोजली ती सिस्टर ट्रे धरून मागं उभी असते. रुहावीला बाराशे वर्षांपूर्वी कळलं होतं की रात्रीची बातमी कुणाकडे असते. या एका प्रकरणासाठी मी त्याला आमचा माणूस मानते.

पण खरा कणा पुढं आहे. वैद्य होण्याची लायकी प्रत्येकात नसते, वैद्यांची परीक्षा कशी घ्यावी, राजानं वैद्यांमधली भ्रष्टता कशी दूर करावी, भोंदूंपासून लोकांना कसं सावध करावं, यावर एकामागून एक प्रकरणं आहेत. आणि त्यातच हा नियम : वैद्यानं दर भेटीला रोग्याची अवस्था आणि आपण काय दिलं ते लिहून ठेवावं, आणि रोगी दगावला तर ते टिपण जाणत्या वैद्यांपुढं तपासायला जावं.

बाराव्या शतकात सीरियातल्या अल-शैझरीनं मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शिका लिहिली. तीत हाच नियम आणखी पक्का दिसतो. वैद्यानं रोग्याकडे पहिल्यांदा गेल्यावर दुखण्याचं कारण विचारावं, नाडी आणि लघवी बघावी, औषध आणि पथ्य लिहावं आणि त्या कागदाची नक्कल साक्षीदारांसमक्ष घरच्यांना द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं, पुन्हा लिहावं, पुन्हा द्यावं. रोगी बरा झाला तर वैद्यानं आपली बिदागी घ्यावी. मेला, तर घरच्यांनी ते सगळे कागद घेऊन नावाजलेल्या मुख्य वैद्याकडे जावं. त्यानं वाचून पाहावं. उपचार शास्त्राला धरून असेल तर तसं सांगावं. हयगय असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगावं की मृत्यूची भरपाई या वैद्याकडून घ्या.

साक्षीदारांसमक्ष नक्कल घरच्यांकडे. हे वाक्य मी परत परत वाचलं. कारण मी एका रुग्णालयात, नाव लिहीत नाही, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं गेलेल्या मुलीचा केसपेपर दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर, एकाच पेनानं, सलग लिहिलेला पाहिलाय. रात्री अकराचं बीपी मी स्वतः घेतलं होतं. नव्या कागदावर आकडा वेगळा होता. मी लेखी दिलं. चौकशी बसली, तिचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. त्या मुलीची आई मात्र फाटकापाशी उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारत होती, तिला रात्री काय दिलं हो? तिच्या हातात एक कागद असता तर तिला फाटकावर उभं राहावं लागलं नसतं. आपल्याकडे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असं लिहिलंय. वाचकांनी हे पाठच करून ठेवावं आणि मागावं. पण मागितल्यावर ७२ तासांत देणं वेगळं आणि रोज पलंगापाशीच नक्कल हातात ठेवणं वेगळं. मधल्या ७२ तासांत काय काय होऊ शकतं, ते आम्ही पाहिलंय.

हे नियम गावोगाव जसेच्या तसे पाळले जात होते असं मी मानत नाही. पुस्तकातला मुहतसिब आणि रस्त्यावरचा मुहतसिब यांच्यात अंतर असणारच. पण एक घटना नोंदलेली आहे. ९३१ साली बगदादमध्ये वैद्याच्या चुकीनं एक माणूस दगावला. खलिफा मुक्तदिरनं हुकूम काढला की दरबारी वैद्य सिनान इब्न साबितनं परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करायची नाही. नामांकित आणि दरबारी वैद्य सोडून आठशे साठांवर लोक परीक्षेला आले. त्यातली एक गोष्ट फार माणुसकीची आहे. एक भारदस्त, नीटनेटका म्हातारा आला. सिनाननं आदरानं बसवलं, इतरांचं आटपल्यावर विचारलं, आपण कुणाकडे शिकलात? म्हाताऱ्यानं दिनारांची पुडी पुढं ठेवली आणि सांगितलं की मला लिहिता-वाचता येत नाही, पण पाठीमागं कुटुंब आहे, पोटावर मारू नका. सिनाननं त्याला एका अटीवर सोडलं : जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, साधी दुखणी सोडून रक्त काढणं आणि जुलाब देणं बंद. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. कोण ते? काल आले होते ते. तुलाही तीच अट, असं सांगून सिनाननं त्याला परत पाठवला.

माझ्या मैत्रिणींशी यावर वाद झाला. त्यांच्या मते सिनाननं कच खाल्ली. मला तसं वाटत नाही. बगदादभर एवढे वैद्य पसरलेले असताना निम्म्यांना घरी बसवलं असतं तर रोग्यांनी जायचं कुणाकडे? त्यानं प्रत्येकाची मर्यादा आखून दिली. खेड्यातल्या दाईला आपण प्रशिक्षण देऊन, कुठल्या लक्षणाला थांबायचं आणि पुढं पाठवायचं हे शिकवलं, तोच शहाणपणा त्यात आहे. मात्र तीच अट मुलालाही, याचं मला वाईट वाटतं. तरुण पोराला शिकायला पाठवता आलं असतं.

‘आदर्श वैद्य’ म्हटलं की लोकांना नवव्या शतकातल्या बगदादच्या वैद्याची, हुनैन इब्न इस्हाकची गोष्ट आवडते. खलिफा मुतवक्किलनं त्याला शत्रूसाठी विष बनवायला सांगितलं, आधी आमिष, मग कैद, मग तलवारीचा धाक. हुनैन म्हणाला, मी उपकारक औषधंच शिकलो. माझा धर्म शत्रूचंही भलं करायला सांगतो आणि माझा व्यवसाय माणसांच्या कल्याणासाठी आहे. हुनैन ख्रिस्ती होता. सिनान साबियन, म्हणजे तारे पूजणाऱ्या पंथाच्या, घराण्यातला. १२६० साली कैरोत मुलासाठी औषधशाळेची मार्गदर्शिका लिहिणारा कोहेन अल-अत्तार ज्यू होता. इस्लामी वैद्यक म्हणताना एवढी माणसं त्यात धरायची असतात. आपलीही आहेत. ८५०च्या सुमारास अली अल-तबरीनं आपल्या ग्रंथाचा शेवटचा भाग भारतीय वैद्यकाला दिला, त्यात चरक-सुश्रुत आहेत, आणि त्यानंतरचा मोठा इराणी वैद्य अल-राझी चरकाचा दाखला देतो.

राझीशी माझं एका बाबतीत पटत नाही. गरीब-श्रीमंत सारखे बघ, गुपित राख, गर्व करू नकोस, हे त्यानं शिष्याला लिहिलं ते सोळा आणे खरं. ज्यांना वैद्य परवडत नाही त्यांच्यासाठी त्यानं वेगळं पुस्तक लिहिलं, त्याबद्दल त्याला हात जोडावेत. पण वैद्यानं, स्वतःला खात्री नसली तरी, रोग्याला बरं होण्याची आशा दाखवत राहावं, कारण शरीर मनाच्या मागं जातं, असंही तो म्हणतो. आयसीयूत मी या वाक्याचा परिणाम बघितलाय. ‘सुधारणा आहे’ ऐकून घरचे जमीन गहाण टाकतात. आणि ज्याला शेवटचं बोलायचं असतं तो बोलायचा राहून जातो. धीर द्यावा, रोज द्यावा. पण नातेवाइकांना खरं काय ते त्याच दिवशी कळलं पाहिजे. शैझरीची नक्कल घरी जात असती तर राझीचा गोडवा फार दिवस टिकलाही नसता.

कैरोच्या इब्न रिद्वाननं अकराव्या शतकात वैद्याचे गुण मोजून दिले. स्वच्छ कपडे, गुपित राखणं, फीपेक्षा रोगी बरा होण्याची ओढ जास्त, श्रीमंतापेक्षा गरिबाच्या उपचाराची आच जास्त, शत्रूवरही मित्रासारखेच उपचार. यादी उत्तम आहे. अशा याद्या आमच्या वॉर्डातही भिंतीवर लावलेल्या होत्या. त्यांची धूळ पुसायचं काम आमच्याकडे होतं.

या सगळ्या जगाला मर्यादाही होत्या. वजीर अली इब्न ईसानं सिनानला लिहिलं की तुरुंगात रोज वैद्य आणि औषधं पाठवा, खेड्यापाड्यांत फिरते वैद्य पाठवा. वाचून मन भरून येतं. मग सिनाननं विचारलं, वाटेत ज्यूंची वस्ती जास्त आहे तिथं काय करायचं? उत्तर आलं, उपचार करा, पण आधी माणसं मग जनावरं, आणि आधी मुसलमान मग इतर. ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते दुखण्याच्या गंभीरपणावरून ठरवणं, करणाऱ्या कुणालाही हे खुपेल. मला खुपलं. आणखी एक. इतक्या ग्रंथांत इतक्या वैद्यांची नावं, पण बायकांच्या वॉर्डात राबणाऱ्या बायकांचं एकही नाव मी वाचलेल्या पानांत मला भेटलं नाही.

औषधशाळेच्या खोलीत मात्र थोडा जास्त वेळ थांबा. बरण्या आणि खल पाहताना हे लक्षात ठेवा की मुहतसिबाला अफूत डिंक घातलाय का, हे कसं ओळखावं तेही शिकवलेलं असायचं. शैझरीच्या त्या मार्गदर्शिकेप्रमाणे डोळ्यांच्या वैद्याची परीक्षा हुनैनच्या नेत्रग्रंथावर, हाडवैद्याची पॉल या जुन्या ग्रीक वैद्याच्या ग्रंथावर, आणि सगळ्यांनी शपथ घ्यायची की विष देणार नाही, घरातल्या बायकांवरून नजर खाली ठेवू, गुपित फोडणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. इथं निदान अर्धा दिवस ठेवा, आणि सकाळच्या पहिल्या तासात आधी रोग्यांच्या भागात जा, गर्दी झाल्यावर तिथली शांतता मिळत नाही. फिरताना फरशी दगडी आहे, बूट घाला. रुहावीच्या भाषांतरातलं शुश्रूषेवरचं प्रकरण आणि परीक्षेवरची प्रकरणं आधी वाचून जा, हस्तलिखित काही आपल्याला हातात मिळणार नाही. संग्रहालयानंतर गावात येऊन वास्तुकार मिमार सिनाननं (बगदादचा वैद्य सिनान वेगळा) बांधलेली सेलिमिये मशीद बाहेरून तरी बघा. दुपारी एडिर्नेचं तळलेलं कलेजं खाल्लं, पातळ काप आणि सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. शाकाहारी असाल तर बदामाची मिठाई घ्या, ती प्रवासात टिकते. परतीच्या बसचं तिकीट उतरल्या उतरल्या काढून ठेवा, रविवारी संध्याकाळी गाड्या भरतात.